चांगदेव केण्यांना न सुचलेलं गाणं

भिवंडीजवळच्या वळ गावात आज कुणाला चांगदेव केण्यांचं घर विचारलं, तर तो भावेशशेठचं घर दाखवतो. गोदामांच्या रांगेमागे तीन मजली, गुलाबी रंगाचं, दारात दोन कुंड्या. भावेश त्यांचा थोरला मुलगा. ट्रकांचा धंदा त्याने वाढवला, घर त्याने बांधलं, म्हणून नाव त्याचं. यात कुणाला वावगं वाटत नाही आणि चांगदेवांनाही वाटत नाही. पण एक काळ असा होता, की वळपासून काल्हेरपर्यंत कुठल्याही गावात ‘गाण्यावाला चांगदेव’ म्हटलं की पत्ता विचारावा लागत नसे.

तरुणपणी ते नारपोलीला यंत्रमागाच्या कारखान्यात, लूमवर कामाला होते. पावसाळ्यात घरची भातशेती, बाकीचे महिने कारखाना. कारखान्यात इतका आवाज, की माणूस कितीही मोठ्याने गायला तरी शेजारच्या लूमवरच्याला ऐकू जात नसे. चांगदेव शिफ्टभर तोंडाने गाणी रचत उभे राहायचे. धागा तुटला की गाणं थांबायचं, धागा जोडला की पुन्हा सुरू. घरी येईपर्यंत दोन-तीन कडवी तयार असायची. हळदीची गाणी, नवरीची गाणी, खाडीवरच्या वाऱ्याची गाणी. त्यातली काही पुढे कॅसेटवर आली. गाणारे दुसरे, वाजवणारे दुसरे. कॅसेटच्या कागदावर खाली बारीक अक्षरात ‘गीत : चांगदेव केणे’ एवढं छापलेलं असायचं. पण हळदीच्या मांडवात बायका ती गाणी तोंडपाठ म्हणायच्या, आणि त्यांना तेवढं पुरत असे.

खरी गोष्ट अशी, की त्यांची गाणी एकट्याने कधीच पुरी झाली नव्हती. त्यांची बायको कमळा. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती ओसरीवर कोलीम, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, निवडत बसलेली असायची आणि चांगदेव एक ओळ म्हणायचे. ती मान वर न करता तीच ओळ परत म्हणायची. म्हणताना तिची जीभ कुठे अडली, की ती म्हणायची, “यो शबुद तोंडात रुततो.” मग ते तो शब्द काढून दुसरा घालायचे. तिने कधी गाण्याला चांगलं म्हटलं नाही आणि वाईटही म्हटलं नाही. तिच्या तोंडून ओळ सरळ गेली की ती ओळ झाली. अशी सगळी गाणी झाली.

कमळा गेली त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. साधा ताप आला, मग तो छातीत उतरला, आणि इस्पितळातून ती परत आलीच नाही. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. चांगदेव तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत राहू लागले. गाणं बंद झालं हे घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण तोवर गाणं मागायला येणारंच कुणी उरलं नव्हतं. हळदीला डीजे यायचे. त्यांच्या स्वतःच्या तरी कुठे ध्यानात आलं होतं? आज ना उद्या काहीतरी येईल, असं धरून ते चालले होते.

मग धाकट्या देवेशचं लग्न ठरलं. मुलगी काल्हेरची, मेघाली नाव, ठाण्याला एका कंपनीत नोकरी करणारी. साखरपुड्यानंतर एके सकाळी देवेश वर आला, पलंगाच्या कडेवर बसला आणि म्हणाला, “बाबा, माझ्या हळदीला तुमचं नवीन गाणं पाहिजे. सागरला सांगून ठेवलंय. तो रेकॉर्ड करेल, हळदीच्या दिवशी वाजवू.”

सागर हा देवेशचा मित्र, भिवंडीत त्याचा छोटा स्टुडिओ आहे. भावेशच्या हळदीला चांगदेवांनी गाणं केलं होतं. देवेश तेव्हा शाळेत होता, ते त्याला अजून पाठ होतं. आपल्यालाही बापाच्या हातचं गाणं मिळावं असं त्याला वाटलं, तर त्यात नवल काही नव्हतं. चांगदेव लगेच हो म्हणाले. एवढ्या वर्षांनी कुणी मागितलं, या आनंदात ते हो म्हणून बसले.

दुसऱ्या दिवसापासून ते कागद घेऊन खिडकीशी बसू लागले. चाल तर मनात आधीच होती, ती त्यांना कमळाच्या आजारपणातच सुचली होती. शब्द तेवढे भरायचे. पहिली ओळ लिहिली, म्हणून पाहिली, खोडली. दुसरी लिहिली, तीही खोडली. कुठली ओळ चांगली आणि कुठली वाईट हेच त्यांना कळेना. आधी कधी हे ठरवायचं काम त्यांना पडलंच नव्हतं.

एकदा त्यांनी सूनबाईला, मनालीला, बसवून ओळी ऐकवल्या. मनाली मनाने चांगली. ती हातातलं काम टाकून बसली आणि प्रत्येक ओळीला “छान आहे बाबा” म्हणाली. त्यांनी मुद्दाम एक भलतीच ओळ म्हटली, तिलाही ती छान म्हणाली. चांगदेवांनी तिचे आभार मानले आणि पुन्हा तिला त्रास दिला नाही. मग मोबाइलवर आपलाच आवाज भरून ऐकला. एका म्हाताऱ्या माणसाचा चिरका आवाज आला, तो त्यांनी पुसून टाकला.

एक दिवस ते रिक्षा करून नारपोलीला गेले. ज्या कारखान्यात त्यांची तरुणपणाची वर्षं गेली तो अजून होता, मालक बदलला होता. लूम तीच, जुनी, तोच खडखडाट. ते दाराशी उभे राहिले. वाटलं, या आवाजात उभं राहिलं की जीभ सुटेल. बराच वेळ उभे होते. आतून एक तरुण कारागीर घाम पुसत बाहेर आला. त्याने विचारलं, “चाचा, किसको ढूँढ रहे हो?”

“किसी को नहीं,” चांगदेव म्हणाले. “पहले इधरच काम करता था.”

त्या पोराने त्यांना बाकड्यावर बसवून चहा पाजला. गावाकडे त्याचाही बाप असाच कारखान्यातून निवृत्त झालेला आहे, असं काहीतरी तो सांगत होता. लूमच्या आवाजात अर्धं कळलं, अर्धं नाही. चहा पिऊन ते परत आले. आवाज तोच होता, पण त्यात त्यांना एक शब्दही सापडला नव्हता.

हे सगळं ते बोलणार कुणाशी? भावेश दिवसभर गोदामांवर. देवेशला सांगायची सोय नव्हती. गावातले बरोबरीचे लोक पारावर बसत, पण त्यांच्या बोलण्यात जमिनी, पोरं आणि गुडघे. राहिला एक माधव प्रधान. भिवंडीच्या शाळेत दोघे एका बाकावर होते. माधव पुढे त्याच शाळेत मराठीचा मास्तर झाला, निवृत्त झाला आणि बायको गेल्यावर मुलाकडे, आल्हादकडे, नाशिकला जाऊन राहिला. भेट होत नसे. सणासुदीला फोन व्हायचा. चांगदेवांनी सणवार नसताना फोन लावला.

माधवने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, की गाणं येत नाही ना, तर गाण्याचा नाद काही दिवस सोड. येत नाही, तर येत नाही हेच लिही. आणि मोठं लिहू नकोस. तीन ओळी. पहिलीत पाच अक्षरं, दुसरीत सात, तिसरीत पुन्हा पाच. यमक नको, चाल नको. जोडाक्षर एकच धरायचं. काना-मात्रा मोजायच्या नाहीत, नुसती अक्षरं मोजायची.

“त्यानं काय होईल?” चांगदेवांनी विचारलं.

“काही होणार नाही. निदान बोटं तरी हलतील. लिहून झालं की मला फोन कर.”

चांगदेवांना ते पोरखेळासारखं वाटलं. तरी दुपारी जेवण झाल्यावर ते बसले. बोटांच्या पेरांवर अक्षरं मोजत त्यांनी जे लिहिलं, ते हे :

सुचत न्हाय
काय लिहू कळेना
बसून हाय

संध्याकाळी माधवला वाचून दाखवलं. पलीकडून त्याचं पुटपुटत अक्षरं मोजणं ऐकू आलं. मग म्हणाला, “बरोबर आहे. आणि खरं आहे. उद्या दुसरं कर.”

‘खरं आहे’ हे त्यांना लागलं. इतके दिवस खिडकीशी बसून जे लिहिलं आणि खोडलं, त्यातलं काहीच खरं नव्हतं. नवरीच्या पायातले पैंजण, मांडवाच्या दारची केळ, सगळं जुन्या गाण्यांतून उचलून आणलेलं होतं. या तीन ओळींत निदान ते स्वतः होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरं केलं :

चाल डोक्यात
शब्द मात्र येईना
दार उघडं

मग ते रोज करू लागले. गोदामांकडे जाणारे ट्रक घरासमोरून वळतात आणि वळणावर हॉर्न देतात. एकदा त्यांना खरोखरच वाटलं की गाण्याची ओळ येते आहे, आणि नेमका हॉर्न वाजला. त्यावरही एक झालं :

ट्रकचा हॉर्न
येत होती ती ओळ
मागे फिरली

माधव ते ऐकून हसला. फोनवर तो असा मोठ्याने हसला, तेव्हा चांगदेवांना एकदम जाणवलं, की आपल्या खोलीत कित्येक महिन्यांत कुणी हसलेलं नाही.

जिन्यावरून उतरताना, देवळात, जेवताना त्यांची बोटं हलत असायची. मनालीला वाटलं, सासरे नामजप करतात. तिने ते कौतुकाने आपल्या आईलाही सांगितलं. चांगदेवांनी तिला तसंच समजू दिलं. आपण न सुचण्यावर लिहितो आहोत आणि ते मात्र सुचतं आहे, हे कसं सांगायचं? लोक म्हणाले असते, मग गाणंच का नाही लिहीत?

ते स्वतःलाही हेच विचारत होते. एका दुपारी त्याचं उत्तर सतरा अक्षरांत आलं. लिहून झाल्यावर ते कितीतरी वेळ तसेच बसून राहिले :

शब्द का सारे
तिच्यासंगंच गेले
पुसू कुणाला

हे त्यांनी माधवला वाचून दाखवलं नाही. त्या दिवशी फोनच केला नाही. माधवचा आला, तेव्हा डोकं दुखतं म्हणून सांगितलं. माधवची बायकोही गेलेली होती. तो पुढे काही विचारत बसला नाही.

इकडे हळद जवळ येत चालली. सागरचे फोन येऊ लागले. काका, मुखडा तरी पाठवा, तोवर म्युझिक बसवून ठेवतो, असं तो म्हणायचा. चांगदेव दरवेळी दोन दिवस मागून घ्यायचे. शेवटी पत्रिका वाटायला ते आणि देवेश गाडीतून पूर्णा गावाकडे निघाले होते, तेव्हा त्यांनी विषय काढला. गाडीत समोर बघत बोलता येतं, तोंडाकडे बघावं लागत नाही, म्हणून ती वेळ त्यांनी निवडली होती.

“देवेश, गानं होत न्हाय रे.”

देवेश म्हणाला, अजून वेळ आहे, सागर एका दिवसात करतो.

“वेळेचा सवाल न्हाय. मना येतच न्हाय.”

पुढे ट्रक आडवा लागला होता. देवेश स्टिअरिंगवर हात ठेवून थांबला. तो म्हणाला, “दादाच्या हळदीला तर दोन दिवसांत केलं होतं.”

“तवा तुझी आई होती.”

ट्रक सरकला, गाडी निघाली. पूर्ण्याला पाहुण्यांकडे दोघे व्यवस्थित बोलले, चहा घेतला, पत्रिका दिली, पाया पडले. परत येताना देवेशने सागरला फोन लावला आणि सांगितलं की नवीन गाणं राहू दे, बाबांची तब्येत ठीक नाही, काहीतरी जुनं लाव. तब्येतीचं खोटं त्याने बापाची लाज राखायला सांगितलं होतं, हे चांगदेवांना कळत होतं. पण मुलाचा आवाज कोरडा होता, तेही कळत होतं.

हळदीला सगळा गाव लोटला. मांडवात दिवे, समोर माणसाहून उंच स्पीकरच्या भिंती. देवेश पाटावर बसला होता, अंगभर हळद, आणि आत्या-मावश्या त्याला चोळून काढत होत्या. चांगदेव नवीन सदरा घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करत उभे होते. मनाली येऊन त्यांच्या गालाला बोटभर हळद लावून गेली.

मग सागरने एक गाणं लावलं, आणि सुरुवातीचे दोन ठोके ऐकताच चांगदेवांनी ओळखलं. ते त्यांचंच होतं. नव्वदच्या आसपास कॅसेटवर आलेलं. चाल दुप्पट पळवली होती, मधे मधे भोंगा वाजत होता, पण शब्द तेच. मांडवातली सगळी पोरंपोरी एकदम उठली. ज्यांचा तेव्हा जन्मही नव्हता त्यांना प्रत्येक शब्द येत होता. हात वर करून ती ओरडून गात होती.

काल्हेरकडच्या पाहुण्यांतला एक तरणा मुलगा घामाघूम होऊन चांगदेवांजवळ आला. त्याने त्यांचा हात धरला.

“काका, नाचा ना. लय भारी गानं हाय. ऐकलंय का कधी?”

“हाय,” चांगदेव म्हणाले. “ऐकल्यासारखं वाटतंय.”

तो त्यांना ओढून मधे घेऊन गेला. चांगदेवांनी दोन हात वर केले, चार पावलं टाकली. भोवती सगळे आपल्याच शब्दांवर नाचत होते, आणि या घोळक्यात त्यांना कुणाशी एक वाक्य बोलावंसं वाटत नव्हतं. दुसऱ्या कडव्यात ‘पदर’ हा शब्द येतो. त्याच्या जागी आधी दुसरा शब्द होता. तो का बदलला, कुणाच्या जिभेवर अडला म्हणून बदलला, हे या मांडवात फक्त त्यांना ठाऊक होतं. पाटावर देवेश हसत होता. त्याचे दात तेवढे पांढरे दिसत होते, बाकी सगळा पिवळा. चांगदेव कडेला आले. खुर्चीवर बसून त्यांची बोटं आपोआप पेरांवर फिरू लागली.

लग्न नीट पार पडलं. मेघाली घरात आली, गोड मुलगी. तिला रोज ठाण्याला जायला फार लांब पडायचं, गोदामांच्या वाहतुकीत दोन्ही वेळा अडकायला व्हायचं. दिवाळीनंतर देवेश आणि ती ठाण्याला भाड्याच्या घरात राहायला गेली. भांडण नाही, तंटा नाही. भावेशनेच सामानाला टेम्पो दिला. चांगदेवांनी मेघालीच्या हातात कमळाची पितळेची परात दिली. ती म्हणाली, की दर रविवारी येऊ. काही रविवार दोघं आली, मग कधी येऊ लागली, कधी नाही. हेही चांगदेवांनी कधी मनावर घेतलं नाही, निदान बोलून दाखवलं नाही.

माधवचा फोन चालू होता. हळदीनंतर चांगदेवांनी त्याला ‘तिच्यासंगंच गेले’ वाचून दाखवलं. माधव म्हणाला, “हे तू त्या दिवशी केलं होतंस. डोकं दुखत होतं त्या दिवशी.” चांगदेव हो म्हणाले. मग माधवने त्यांना विचारलं, की मुलाला दाखवलंस का? चांगदेव म्हणाले, की त्याने गाणं मागितलं होतं, त्याला हे कशाला दाखवायचं. माधव मास्तरांसारखा रागावला. म्हणाला, की तुझ्याकडे गाणं का नव्हतं, याचं उत्तर तू लिहून ठेवलंयस आणि ते त्याच्यापासून लपवून बसलायस. दे त्याला पाठवून.

चांगदेवांनी आठ-दहा दिवस काढले. मग एका रविवारी, देवेश येणार नाही असा निरोप आल्यावर, ते मोबाइल घेऊन बसले. मराठीत टाइप करायला त्यांना फार वेळ लागतो. मांडवात खुर्चीवर बसून जे केलं होतं, ते त्यांनी एकेक अक्षर शोधत उतरवलं :

हळद ओली
माझं तोंड कोरडं
लेक हसतो

पाठवलं. लगेच दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. ते फोन उलटा ठेवून खाली गेले, कुंड्यांना पाणी घातलं, भावेशच्या ड्रायव्हरशी काहीबाही बोलले. जेवून वर आले, तेव्हा फोन वाजत होता.

देवेशने विचारलं, हे कुणाचं आहे? चांगदेवांनी सांगितलं, माझं.

“मी तिथे पाटावर हसत होतो, तेव्हा तुम्ही हे करत होता?”

“हां.”

मागे मेघालीचा आवाज येत होता, कुकरची शिट्टी झाली. मग तो म्हणाला, “मला वाटलं, तुम्हाला माझ्यासाठी करावंसं वाटलं नाही. दादासाठी वाटलं, माझ्यासाठी नाही.”

नाही रे, तसं नाही, असं चांगदेव दोनदा म्हणाले. मग त्यांनी मोडक्यातोडक्या शब्दांत त्याला कमळाचं सांगितलं, की ती ओळ परत म्हणायची, आणि तिच्या तोंडून सरळ गेली तरच ती ओळ व्हायची. हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, माधवलासुद्धा नाही. देवेशला वाटत होतं, की आई नुसती ऐकायची.

“अजून आहेत का अशी?” त्याने विचारलं.

“हायेत. ढीगभर हायेत. सगळी एकाच गोष्टीवर. गानं येत न्हाय यावर.”

“पाठवा,” देवेश म्हणाला. “मला लगेच उत्तर द्यायला जमणार नाही. पण पाठवा.”

आता ते पाठवतात. रोज नाही, दोन-चार दिवसांनी एखादं. देवेश कधी अंगठा दाखवतो, कधी नुसत्या निळ्या खुणा उमटतात. गाणं अजून आलेलं नाही. चाल तशीच रिकामी डोक्यात फिरते आणि ती आता कधी भरेल असं चांगदेवांना वाटत नाही. दुपारी जेवण झालं, की ते तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसतात, समोर गोदामांची निळी छपरं, मधून ट्रक. मनाली खालून चहाला हाक मारते. ते येतो म्हणतात, आणि दुसऱ्या ओळीत एक अक्षर जास्त झालंय, ते कुठलं काढावं, हे बघत तसेच बसून राहतात.